'कन्यादान'मधली ज्योती कुठं जाणार?

तेंडुलकरांचं 'कन्यादान' 1983 चं. नवऱ्याकडच्या छळाला गुन्हा ठरवणारं 498-अ कलमही त्याच वर्षी आलं. नाटकावर वाद झाला तो दलित अरुणला मारकुटा दाखवल्याचा. व्हायलाच हवा होता. पण इथं भोकरदनला बसून वाचताना मला वेगळंच खटकतं. बाप नाथ समाजवादी, आई सेवा कार्यकर्ती. गरोदर ज्योती मार खाते आणि चर्चा रंगते बापाच्या तत्त्वांची! पोटातलं लेकरू त्यात मागंच पडतं. 2005 च्या कायद्यानं बाईला राहत्या घरात राहायचा हक्क दिला, मदतीला संरक्षण अधिकारी दिला. ज्योतीपुढं मात्र दोनच दारं, बापाचं नि नवऱ्याचं. बापाला दोष देत ती नवऱ्याकडं परत जाते. तेंडुलकरांचा सगळा राग बापावर. तिच्या बाळंतपणाचं काय, ते नाटक विचारतच नाही.