मराठी भयविनोदातली हरवलेली नायिका

माणसाच्या रक्तामांसावर जगणारी नायिका माणसाच्याच प्रेमात पडते आणि त्या प्रेमापायी स्वतःच्या जातकुळीकडे नव्याने पाहू लागते, हे कथासूत्र सहसा युरोपचे मानले जाते. रक्तपिपासू पिशाचाच्या गाजलेल्या कथा तिकडच्याच: शेरिडन ल फानू यांची ‘कार्मिला’ १८७२ सालची, ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ १८९७ सालची. २००५ मध्ये स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ने या पिशाचाला किशोरवयीन प्रेमकथेत आणून बसवले. भारतीय परंपरेत मात्र ही नायिका फार जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात हिडिंबा भावाच्या हुकमावरून पांडवांना मारून आणायला निघते आणि भीमाला पाहताच तिचा बेत फिरतो. ती सुंदर मानवी रूप घेते हे खरे. पण जाग्या झालेल्या कुंतीने विचारताच आपण राक्षसी आहोत, कशासाठी आलो होतो आणि आता काय हवे आहे, हे ती आडपडदा न ठेवता सांगते. स्वतःच्या कुळाची लाज न बाळगणारी इतकी मोकळी प्रेयसी पुढच्या भयकथांत क्वचितच सापडते.

हिडिंबेच्या या प्रसंगानंतर पांडव एकचक्रानगरीत येतात आणि भीम बकासुराचा वध करतो. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले केळझर हीच ती एकचक्रा, अशी स्थानिक श्रद्धा आहे. तिथल्या गणेशस्थानाची कथाही पांडवांशी जोडली जाते. म्हणजे या नायिकेचे मूळ शोधण्यासाठी विदर्भाच्या वाचकाला ट्रान्सिल्व्हानियापर्यंत जाण्याची गरज नाही.

भय आणि गंमत एकत्र नांदवणेही मराठी मुलखाला नवे नाही. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’तला वेताळ राजाच्या खांद्यावर बसून त्याच्या बुद्धीची परीक्षा पाहतो. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा तर गावाचा राखणदार आहे. तो रात्री गस्त घालतो म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. भुताला असे घरच्यासारखे वागवणाऱ्या समाजात हलकीफुलकी पिशाचकथा सहज रुजायला हवी होती.

छापील भयकथेने वेगळी वाट धरली. नारायण धारप यांनी स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली आणि रक्तपिपासू पिशाच मराठी गावात आणले. त्यांच्या कथेत अमंगळाशी सामना असतो, त्याच्याशी संसार नसतो. रत्नाकर मतकरींची भयकथा माणसाच्या मनातल्या अंधाराकडे वळली. दोघांची ताकद मोठी, पण त्यांनी वाचकाला दिली ती भीती.

हसू आले ते पडद्यावर. ‘एक डाव भुताचा’ (१९८२), महेश कोठारे यांचे ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘पछाडलेला’ (२००४) यांनी भयविनोदाचा पक्का मराठी साचा घडवला. त्या साच्यात धुमाकूळ घालणारी भुते मुख्यतः पुरुषांची आहेत. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण हा मोठा अपवाद, आणि तीही दिलीप प्रभावळकर, वैभव मांगले अशा पुरुष नटांनीच गाजवली. स्त्री-पिशाच मात्र गंभीर चौकटीतच अडकले. ‘लपाछपी’ (२०१७) हा चित्रपट स्त्रीच्या यातनेबद्दल धारदार बोलतो, आणि त्यातल्या अतृप्त आत्म्यांना हसायला सवड नाही.

गेल्या काही वर्षांतले महत्त्वाचे काम आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाचे आहे. ‘झोंबिवली’त (२०२२) त्याने डोंबिवलीच्या पाण्याचा आणि झोपडपट्टीचा प्रश्न झोंबींच्या धिंगाण्यात गुंफला. ‘मुंज्या’ (२०२४) कोकणातली लोकसमजूत घेऊन हिंदीत गेला. ‘थामा’ (२०२५) तर उघडच पिशाच-प्रेमपट आहे. त्यातली नायिका ताडका रक्तपिपासू बेताळांच्या टोळीतली. ती दिल्लीतल्या मध्यमवर्गीय घरात येते आणि माणसांत माणसासारखी राहू पाहते. इथेच खरी कथा होती. स्वयंपाकघरात, नातेवाइकांसमोर, आरशासमोर स्वतःला लपवता लपवता तिला स्वतःचे आहे तसे रूप आवडू लागणे, यात विनोदही आहे आणि हृदय पिळवटणारे काहीतरीही. चित्रपट मात्र लवकरच नायकाच्या रूपांतराकडे वळतो. बेताळ झाल्यावर त्याला काय वाटते हे प्रेक्षकाला तपशिलात कळते. ताडकेच्या वाट्याला त्याग आणि मारामारी येते.

ही उणीव केवळ कलेपुरती नाही. एखाद्या बाईवर करणीचा, भूत लावल्याचा आळ घेऊन तिचा छळ करणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवावा लागला. जिथे ‘चेटकीण’ हा शब्द बाईला गावाबाहेर काढू शकतो, तिथे स्वतःच्या वेगळेपणासह ताठ उभी राहणारी, हसणारी, प्रेम करणारी पिशाचनायिका प्रेक्षकाची नजर बदलू शकते. तिच्यावर हसण्याऐवजी तिच्याबरोबर हसायला लावणे अवघड आहे. त्यासाठी लेखणी तिच्या बाजूने, तिच्या डोळ्यांनी चालावी लागते, आणि आजच्या मराठी भयविनोदात हेच सर्वांत कमी दिसते.

कोकणाने या प्रकाराला वाडे, माड आणि मुंज्या दिले. विदर्भाची बोली, तिचा तिखट विनोद आणि कापसाची रानोमाळ पसरलेली शिवारे अजून फारशी वापरलेली नाहीत. वर्धा-नागपूरकडच्या तरुण नाटककारांनी आणि पटकथाकारांनी आदिपर्वातला हिडिंबेचा प्रसंग पुन्हा एकदा वाचावा, आणि भीमाला बाजूला ठेवून तिची गोष्ट तिच्याच तोंडून लिहावी.