सुधीर पटवर्धनांची माणसे

श्री. सुधीर पटवर्धन ह्यांच्या चित्रांविषयी बोलताना त्यांच्या वैद्यकीय व्यवसायाचा उल्लेख केल्यावाचून कोणी पुढे जात नाही. आम्हीही जाणार नाही. मात्र त्या उल्लेखातून जो निष्कर्ष सहज काढला जातो तो आम्हांस मान्य नाही. १९४९ साली पुण्यास जन्मलेले पटवर्धन १९७२ मध्ये तेथीलच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९७५ पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यास क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. कोणत्याही कलाशाळेत ते शिकले नाहीत. तेव्हा देहाच्या आत पाहणारा हा डॉक्टर चित्रातही माणसाचे अंतरंग उघडे करतो, असे म्हणण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती उलट आहे. दिवसभर सावलीच्या रूपाने दिसलेल्या हाडांवर त्यांचा कुंचला पुन्हा मांस चढवतो.

‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) हे चित्र पाहावे. त्यातल्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे चित्रकार सांगत नाही. तो केवळ त्याच्या देहाचे वजन आपल्यापुढे ठेवतो. आमच्या साहित्यात श्रमिक आला तो बहुधा करुणेचा विषय होऊन किंवा घोषणेचा धनी होऊन. मार्क्सवादी विचारांचा संस्कार असूनही पटवर्धनांनी ह्या दोन्ही वाटा टाळल्या. सुशिक्षित मध्यमवर्गीयाने श्रमिकाकडे कोणत्या अधिकाराने पाहावे, हा प्रश्न त्यांना सतत टोचत असला पाहिजे. एरवी ह्या आकृतींत इतका संकोचयुक्त आदर आला नसता.

१९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबई आणि दिल्ली येथे भरले. त्यात पटवर्धनांबरोबर आमच्या वडोदऱ्याचे गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर हेही होते. अमूर्त चित्रणाचा बोलबाला असताना मनुष्याकृतीला पुन्हा जागा करून देणारी ही मंडळी. परंतु खख्खरांचा खट्याळपणा किंवा शेखांची कथनाची हौस पटवर्धनांत शोधू नये. त्यांची प्रकृती गंभीर, क्वचित रुक्षही.

पुढे त्यांची दृष्टी मागे सरकत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीचे झाले नाही. ‘लोअर परळ’ आणि ‘उल्हासनगर’ ह्या २००१ मधील चित्रांत शहराचा विस्तीर्ण पट आहे. माणूस त्यात लहान झाला आहे. जुन्या चित्रांवर जीव असणाऱ्यांना येथे ऊब हरवल्यासारखी वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु ज्या कामगाराचे गिरणीतले स्थानच गेले, त्याला चित्रात पूर्वीसारखे अग्रभागी बसवणे म्हणजे खोटी समजूत घालणे झाले असते. आमची तक्रार वेगळी आहे. अलीकडच्या काही गर्दीच्या चित्रांत एकेक व्यक्ती नेमून दिलेली भूमिका वठवीत उभी असल्यासारखी दिसते; त्या इराणी हॉटेलातल्या माणसाला अशी कोणतीच भूमिका नव्हती.

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ च्या अखेरीस त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्यापूर्वी २००८-०९ मध्ये समकालीन चित्रांचे फिरते प्रदर्शन योजून त्यांनी ते महाराष्ट्रातील शहराशहरांत नेले होते. दालनात पाऊल टाकण्यास बिचकणारा प्रेक्षक त्यांना तेथे भेटला असेल. त्यांच्या चित्रांतला माणूस त्याच्याहून फारसा वेगळा नव्हता.