प्रतिध्वनीचा संस्कार

एकच क्रिया वारंवार केल्यानें कला निर्माण होते, कीं कलेचा अंत होतो? संगीताची जुळणी घरच्या संगणकावर करतां येऊं लागल्यापासून हा प्रश्न केवळ पंडितांपुरता राहिलेला नाहीं. होतकरू तरुणांच्या हातीं आज जीं साधनें आहेत, त्यांत प्रतिध्वनि उत्पन्न करणारें ‘डिले’ हें अगदीं साधें समजलें जातें. परंतु त्याच्या पोटांत कलेचा एक मोठा विवेक दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

डिलेमध्यें ध्वनि क्षणभर राखून ठेवून मग ऐकविला जातो, आणि त्याचा कांहीं अंश पुनः आरंभीं नेऊन सोडला जातो. या परतीच्या वाटेस ‘फीडबॅक’ म्हणतात. दर फेरीस शेंकडा ७० अंश परतविला, तर पहिल्या प्रतिध्वनीच्या मानानें दुसरा शेंकडा ७०, तिसरा ४९ व चौथा सुमारें ३४ असा क्षीण होत जातो. पूर्ण १०० परतविला तर तो मरतच नाहीं; त्याहून अधिक परतविला तर वाढत जाऊन सर्वांस गिळून टाकतो.

आतां याच साधनास दुसरें एखादें यंत्र जोडावयाचें आहे. तें वर्तुळाबाहेर ठेवावें, कीं आंत परतीच्या वाटेवर बसवावें? स्वर एक सप्तक चढविणारें यंत्र बाहेर ठेवलें, तर दर सेकंदास २२० आंदोलनांचा स्वर प्रत्येक प्रतिध्वनींत ४४० चाच ऐकूं येतो. तेंच आंत ठेवलें, तर तो ४४०, ८८०, १७६० असा पायरीपायरीनें चढत जातो. बाहेरचें यंत्र ध्वनीवर अलंकार चढवितें. आंतलें त्याच्यावर संस्कार करतें. अलंकार एकदांच घालतात, संस्कार मात्र फेरीफेरीनें मुरतो.

या संस्काराचें सर्वांत निखळ उदाहरण म्हणजे अमेरिकन संगीतकार आल्व्हिन लूसिए (१९३१-२०२१) यांची १९६९ सालची ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ ही कृति होय. खोलींत बसून एक लहानसा गद्य मजकूर वाचावयाचा, त्याचें मुद्रण खोलींतच वाजवून तें पुनः मुद्रित करावयाचें, आणि हाच क्रम चालूं ठेवावयाचा, एवढाच तिचा विधि. येथें डिलेची मुदत म्हणजे संपूर्ण वाचन, आणि परतीच्या वाटेवरचें यंत्र म्हणजे खुद्द ती खोली. प्रत्येक खोली आपल्या आकाराप्रमाणें कांहीं स्वरांस अधिक साथ देते, कांहींस कमी. एका फेरींत हा पक्षपात जाणवतही नाहीं. पण फेऱ्या वाढतात तसतसे शब्द विरघळतात, आणि शेवटीं त्या खोलीचे स्वर तेवढे घुमत राहतात. लूसिए बोलतांना अडखळत. वाणींतील हें वैगुण्य या क्रियेनें निवळावें, असा हेतु त्यांनीं त्या मजकुरांतच सांगितला आहे. तो सफल होतो खरा. परंतु अडखळण्याबरोबर अर्थही जातो, आणि उरते ती बोलण्याची लय. दोष धुऊन काढणारा संस्कार माणसाची ओळखही धुऊन नेतो, हें या कृतींतील कारुण्य आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, सर्व कांहीं खोलीनेंच केलें, मग कर्त्याचें कर्तृत्व तें काय? आमचें उत्तर असें कीं, कोणता ध्वनि, कोणती खोली आणि थांबावयाचें केव्हां, हे निर्णय खोली करीत नाहीं.

जमेकांतील किंग्स्टनच्या ऑस्बर्न रडक ऊर्फ किंग टबी (१९४१-१९८९) यांच्या ‘डब’ संगीतांत याच्या उलट वृत्ति दिसते. हे मूळचे विजेच्या उपकरणांचे दुरुस्तीकार. तयार गीतांतील एखादाच शब्द प्रतिध्वनींत झोंकून देऊन, बाकीचें वादन ते मध्येंच बंद करीत व मध्येंच आणीत. डबच्या पद्धतींत प्रतिध्वनि मिश्रण-फलकावर परत आणून तेथूनच पुनः डिलेंत पाठवितां येतो. अशा वेळीं वाटेंतील गाळणी फिरविणारा हात दर फेरीस नवा निर्णय घेतो. लूसिए हात काढून घेतात, टबी तो ठेवतात. तथापि वर्तुळ आपलें नव्हे, तें सांभाळावें लागतें, ही जाण दोघांसही आहे.

आजच्या सॉफ्टवेअरमध्यें हें काम फार सुलभ झालें आहे. ‘बिटविग स्टुडिओ’च्या ‘डिले-प्लस’मध्यें परतीच्या वाटेवर हवें तें यंत्र ठेवण्यास मुद्दाम जागाच आहे. ‘रीपर’मध्यें मात्र अशा उलट्या जोडणीस आधीं परवानगी द्यावी लागते. ती सावधगिरी योग्यच आहे, कारण सुटलेला आवाज कानास इजा करूं शकतो. म्हणून वाटेवर मर्यादक बसवितात, तेंही योग्य. परंतु ब्रायन ईनो व डॅनियल लान्वा यांनीं रूढ केलेल्या ‘शिमर’च्या आजच्या अनुकरणांत आम्हांस जें खटकतें, तें याच ठिकाणीं. त्यांत सप्तकें चढत राहतात, मर्यादक त्यांस आवरून धरतो, आणि ध्वनि ना क्षीण होतो ना बेफाम. केवळ चकाकत राहतो. वाट आंतली, पण वृत्ति अलंकाराची!

नव्या जुळणीकारास आमचें इतकेंच सांगणें आहे: यंत्र आंत बसविण्यापूर्वीं तें वीस फेऱ्यांनंतर मूळ स्वराचें काय करील, हें स्वस्थ बसून ऐकावें. जें उरेल तें आपणांस हवें असेल, तरच तें आंत ठेवावें. नाहीं तर बाहेरची जागा मोकळी आहेच.