वाद्यवृंद आहे, वादक कुठून आणायचे?

लग्नसराईत जबलपूरच्या सराफ्यातून वरात निघाली की दुकानांतली घासाघीस काही मिनिटं थांबते. पुढे ट्रम्पेट, मागे क्लॅरिनेट, मग ड्रम, आणि सगळ्यात शेवटी ठेल्यावर जनरेटर, कर्णे आणि कॅसिओ. अलीकडे पुढच्या रांगा विरळ होत चालल्या आहेत. चार क्लॅरिनेटवाले मिळून जी चाल वाजवायचे ती आता एकटा कॅसिओवाला वाजवतो आणि यजमानाला स्वस्तही पडतो. आपल्या देशात सिम्फनी ऑर्केस्ट्रा का रुजत नाही, या चर्चेत या माणसांचं नाव कधी निघत नाही. खरी गोम तिथेच आहे, असं मला वाटतं.

मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेनं २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. संस्थेचे खुशरू सनटूक यांनी त्यासाठी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांची साथ घेतली. दर्जाबद्दल वाद नाही. झाकीर हुसेन यांची 'पेशकार' ही तबला आणि वाद्यवृंदासाठीची रचना २०१५ मध्ये याच मंडळींनी पहिल्यांदा वाजवली. २०१९ मध्ये ते ब्रिटनचा दौरा करून आले. पण हंगामात मंचावर नजर टाकली तर भारतीय वादक थोडे दिसतात. बरेच जण बाहेरून, हंगामापुरते येतात.

याचा दोष संस्थेच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला तेव्हाही हीच अडचण होती. व्हायोलिनसाठी गोव्याचे वादक आणि हौशी पारशी मंडळी मिळत. फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी मात्र नौदलाच्या बँडकडे जावं लागे. आजही ओबो आणि बासून ही फुंकवाद्यं वाजवणारा भारतीय शोधून काढावा लागतो. ओबोची जोडपाती (डबल रीड) नाजूक असते, लवकर निकामी होते, आणि मुरलेले वादक ती स्वतःच्या हातानं तासून घेतात. हे पुस्तकातून येत नाही. शेजारी बसून शिकवणारा लागतो.

गोव्याच्या वादकांना हिंदी चित्रपटांनी जगवलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी स्टुडिओतल्या अशाच वादकांना घेऊन १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा बांधला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो फार टिकला नाही. पुढे सिंथेसायझर आला आणि स्टुडिओतल्या व्हायोलिनच्या रांगाही उठल्या. सराफ्यातल्या कॅसिओनं वेगळं काय केलं?

वाद्यवृंद न टिकण्याला आमच्याकडे एक मोठा अपवाद आहे, आणि तो जबलपूर–सतना लोहमार्गावरच्या मैहरला आहे. १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलांना राजा ब्रिजनाथसिंगांच्या आश्रयानं बाबा अल्लाउद्दीन खाँनी जवळ घेतलं आणि वाजवायला शिकवलं. तोच मैहर बँड. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, तबला, आणि बंदुकीच्या नळ्या कापून केलेलं नलतरंग. लहानमोठ्या नळ्या ओळीनं मांडायच्या आणि काड्यांनी वाजवायच्या. बाबांना हवा तो आवाज बाजारात मिळाला नाही, म्हणून त्यांनी तो संस्थानच्या शस्त्रागारातल्या लोखंडातून काढला. त्यांचेच शिष्य रविशंकर १९५२ मध्ये आकाशवाणीचा वाद्यवृंद घेऊन उभे राहिले, त्याचं मूळ मला मैहरच्या त्या तालमीत दिसतं.

बँड टिकला, कारण संस्थान गेल्यावर सरकारनं वादकांचा पगार चालू ठेवला. पण माझी तक्रारही तिथेच आहे. पगार आहे, नव्या रचना नाहीत. बाबांच्या बंदिशी जपायलाच हव्यात. मात्र शंभर वर्षांच्या वाद्यवृंदासाठी आजच्या संगीतकारांनी लिहिलेलं किती वाजतं? आणि एखाद्या सरकारी जागेच्या आशेवर कोणता तरुण नलतरंगाला आयुष्य देईल?

पाश्चात्त्य देशांतली चिंता निराळी आहे. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रानं २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मिनेसोटा ऑर्केस्ट्रात पगारकपातीच्या वादात २०१२ पासून वर्षाहून अधिक काळ वादकांना बाहेर ठेवलं गेलं. तिथे एका खुर्चीसाठी शिकलेल्यांची रांग लागते, खुर्ची राखायला पैसा कमी पडतो. आपल्याकडे पैसा उभा राहिला तरी खुर्चीवर बसवायला माणूस नाही. म्हणून तिकडचे उपाय इथे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

इथला उपाय इथेच शोधायला हवा. जबलपुरात ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची केंद्रं आहेत, त्यांचे बँड आहेत. लष्करी वादकांना शिकवणारी संस्था पचमढीत आहे. तिथून तयार झालेला वादक नोटेशन वाचतो, इशाऱ्यावर थांबतो, बाकीच्यांच्या आवाजात आपला आवाज मिळवतो, आणि हाताशी उमेदीची वर्षं असतानाच निवृत्त होतो. वरातीतल्या पोराकडे दमसास आणि कान आहे, कागदावरची ओळ त्याला वाचता येत नाही. दोघं एकाच शहरात राहतात. चातुर्मासात लग्नं नसतात, बँडवाल्यांचे ते महिने रिकामे जातात. या काळात दोघांना एका खोलीत बसवावं, शिकवणाऱ्याला मानधन आणि शिकणाऱ्याला बुडालेल्या रोजीइतकी शिष्यवृत्ती द्यावी. सुरुवात क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटपासून करावी, कारण ती वाद्यं घरात आहेत. ओबो त्यानंतर विकत घेता येईल.