मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका : पटते, पण पुरावा कशाचा?

आपत्तीनंतरच्या मानसिक आधारावर संशोधन करायचं ठरवलंत, तर एक पुस्तिका हातात येणारच. जागतिक आरोग्य संघटनेनं वॉर ट्रॉमा फाउंडेशन आणि वर्ल्ड व्हिजन यांच्यासोबत २०११ मध्ये काढलेली ही मार्गदर्शिका. सूत्र तीन शब्दांचं : पाहा, ऐका, जोडून द्या.

तिची मोठी जमेची बाजू म्हणजे काय करू नये, हे ती स्पष्ट सांगते. माणसाला घडलेलं सगळं सांगायला भाग पाडू नका. यामागे इतिहास आहे. आधी एकाच बैठकीत सगळं बोलतं करणारं ‘डीब्रीफिंग’ जोरात होतं. १९९७ मध्ये बिसन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवर ते तपासलं. १३ महिन्यांनी डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्के, तर न झालेल्यांपैकी ९ टक्के जणांना पीटीएसडी होता. (दोन्ही गट सुरुवातीला अगदी सारखे नव्हते, हेही लक्षात ठेवा.)

आता माझा आक्षेप. डीब्रीफिंग फसलं, म्हणून मानसिक प्रथमोपचार सिद्ध झाला असं होत नाही. २००७ मध्ये हॉबफॉल आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पाच तत्त्वं (सुरक्षितता, शांतता, आत्मसामर्थ्य, जोडलेपण, आशा) ही उपलब्ध पुराव्यावर आधारलेली तज्ज्ञांची सहमती आहे, चाचणीचा निकाल नव्हे. शिवाय बरेच अभ्यास प्रशिक्षणाआधी आणि नंतर स्वयंसेवकाचं ज्ञान नि आत्मविश्वास मोजतात. आपत्तीग्रस्त माणसाचं काय झालं, ते बाजूलाच राहतं!

दुसरं म्हणजे, ‘जोडून द्या’, पण कुणाशी? जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली तेव्हा इर्शाळवाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं डोंगर चढून गेली. अशा ठिकाणी तिसरा शब्द स्वयंसेवकाच्या कौशल्यावर कमी आणि व्यवस्थेवर जास्त अवलंबून असतो. पुस्तिका स्थानिक सेवांची माहिती आधी घ्या म्हणते, पण सेवाच नसेल तर?

आपत्तीत नियंत्रण गट ठेवणं नैतिकदृष्ट्या अवघड, हे मान्य. पण जोडून दिलेल्यांपैकी किती जण महिन्याभरात खरंच त्या सेवेपर्यंत पोचले, एवढं तर मोजता येईल ना? त्यासाठी कुणाला मदतीवाचून ठेवावं लागत नाही.

म्हणून पुढचा पेपर उघडाल, तेव्हा निष्कर्षाआधी एकच बघा : मोजलंय कुणाला? मदत देणाऱ्याला, की घेणाऱ्याला?