‘मोदक’: काळ्या अक्षराचं पांढरं वाचन

‘मोदक’ या देवनागरी फाँटचं पहिलं सुख म्हणजे त्याचा बिनधास्त जाडेपणा. मुंबईच्या ‘एक टाइप’नं तो घडवला. एरवी ठळक अक्षर काढताना रेघ जाड करतात आणि आतली पोकळी सांभाळतात. इथं पोकळीच जवळजवळ गिळून टाकली आहे. उरल्यात त्या बारीक पांढऱ्या फटी. ‘म’ कुठं संपला, काना कुठं सुरू झाला, हे त्या फटी सांगतात. डोळ्यांत भरतो काळा रंग, पण वाचलं जातं पांढऱ्यावरून. वर शिरोरेघ आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं अशा दाटीत हा तोल राखणं सोपं नाही.

नायगावच्या बीडीडी चाळीतल्या एखाद्या मंडळाच्या फलकावर हे अक्षर लावून पाहावं. ‘गणपती’ रस्त्यापलीकडूनही वाचता येईल. वर्गणीदारांची यादी मात्र यात लावू नये, बारीक आकारात फटी बुजतात. तिथं ‘एक टाइप’चाच, सात वजनांचा ‘मुक्ता’ बरा.

एवढं नटूनही ‘गणपती’मधली युनिकोडची, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांची, पाच चिन्हं तीच राहतात. इंग्रजीत मोबाइलवर नटवी अक्षरं मिळतात, ती फाँटची नव्हेत. २००१ साली युनिकोडमध्ये गणितासाठी ठळक, तिरपी, वळणदार रोमन अक्षरं स्वतंत्र चिन्हं म्हणून आली. हौशी मंडळी तीच नावाला लावतात. ती कुठंही चिकटवता येतात हे खरं, पण अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांवर अडखळतं आणि शोधातही ती निसटू शकतात. देवनागरीला असा संच नाही, याचं मला वाईट वाटत नाही.

उलट टोकाचा ताप मराठीनं सोसलाच आहे. युनिकोडपूर्व फाँटांत मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेला असे. समोरच्याकडे तो फाँट नसला की लग्नपत्रिकेचाही चिवडा.

नायगावातच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. तिथं जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं जुनं पुस्तक उघडावं. शिशाचे खिळे बदलले की पानाचा चेहरा बदले, शब्द तेच राहत. ‘मोदक’ त्याच शिस्तीतला: रूप फाँटचं, शब्द युनिकोडचा.

अडचण एकच. निरोपाबरोबर फाँट जात नाही, म्हणून फलकाचं चित्र करून पाठवतात. खुशाल पाठवावं. पण आरतीची वेळ खाली साध्या अक्षरांत पुन्हा लिहावी, म्हणजे ती शोधता येईल, पुढं धाडता येईल आणि ज्याला दिसत नाही त्यालाही ऐकता येईल.