महालक्ष्मीला पाय हवेत का?

आमच्या घरच्या महालक्ष्म्यांना पाय नाहीत, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी 28 वर्षांचा होतो. लहानपणापासून दर भाद्रपदात त्यांना पाहिलं, त्यांच्यापुढे जेवलो, विसर्जनानंतर त्यांचे लोखंडी स्टँड माळ्यावर चढवले, पण पाय नाहीत हे कधी डोळ्यांत आलं नव्हतं. ते आलं एका मूर्तिकाराच्या व्हॉट्सॲप मेसेजमुळे. ‘पूर्णाकृती, फायबर, साडेचार फूट. उभे पाय हवे असल्यास आधी सांगणे, पैसे वेगळे.’

वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावला आमचं घर आहे. महालक्ष्म्यांचं सगळं मोठी आई बघते आणि तिचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. तयार मूर्ती आणली तर तिचे कष्ट वाचतील म्हणून चौकशी माझ्याकडे आली, आणि पायांचा निर्णयही. ‘तू इंजिनिअर हायेस, तूच पाह्य’, असं ती म्हणाली. पाहायला लागलो, तर ही खरेदीची बाब राहिली नाही. एका मूर्तीकडे नीट बघण्याची बाब झाली.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. कोकणात काही घरी त्या पाणवठ्यावरच्या खड्यांच्या असतात, काही घरी तेरड्याच्या. वऱ्हाडात त्या ‘महालक्ष्म्या’ होतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, माणसाच्या उंचीच्या जवळ जाणाऱ्या. खाली लोखंडी स्टँड, त्यावर कोथळा म्हणजे धड, धडाला हात, वर मुखवटा. मग साडी, दागिने, वेणी. पुढ्यात त्यांची बाळं. हे सगळं सुटं असतं आणि वर्षभर डब्यांत, गाठोड्यांत, माळ्यावर विखुरलेलं असतं.

आधी इंजिनिअरिंगचा भाग उरकतो. पाय असले की मूर्ती उभी राहते, असं वाटतं. ते खोटं आहे. माणूस दोन पायांवर उभा राहतो तो घोट्यांचे स्नायू क्षणोक्षणी तोल सावरतात म्हणून. आपण स्थिर उभे असतो तेव्हाही किंचित डोलत असतो. निर्जीव वस्तूला हे जमत नाही. म्हणून कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्याच्या पोटरीत किंवा तळव्यात सळई जाते आणि ती खालच्या जड तबकडीत बसते. परदेशी विकल्या जाणाऱ्या सिलिकॉनच्या माणूसभर बाहुल्यांना ‘उभे पाय’ घेतले, तर तळव्यांतून चक्क बोल्ट बाहेर आलेले असतात. प्राचीन ब्राँझ पुतळ्यांच्या संगमरवरी नकला करताना शिल्पकारांनी पायाशी झाडाचा बुंधा कोरला, तोही शोभेसाठी नव्हे. दगडाचं वजन नुसत्या घोट्यांना पेलत नव्हतं. म्हणजे मूर्तीचे पाय उभं राहण्याचं साधन नसतात, उभं असल्याचा देखावा असतात. खरं काम स्टँडच करतो, आणि आमच्या स्टँडचं खालचं कडं दोन पावलांपेक्षा कितीतरी रुंद आहे.

तर मग प्रश्न देखाव्याचा उरतो. तो हलका नाही, कारण पूर्णाकृती मूर्ती वाईट नसतात. गावात एका घरी त्या पाहिल्या. चेहरा आणि हात एकाच हाताने घडवल्यासारखे, खांदे नीट उतरते, बोटं सुबक. आमच्या कोथळ्याचा एक खांदा कायम वर असतो आणि हात कोपरातून अशक्य दिशेला वळतात. शेजारपाजारच्या बायका कौतुकाने त्या मूर्तींचे फोटो काढत होत्या आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

तरी तिथे मला काहीतरी खटकलं आणि ते नेमकं काय, हे मोठ्या आईने फोनवर सांगितलं. तिचा मुद्दा अगदी व्यवहारी होता. ‘पाय घेशीन तं लुगडं वर नेसवा लागन. मंग जोडवे पाह्यजेत, पैंजण पाह्यजेत. अन् येवढं करून लुगडं खालीच सोडलं, तं पायाचे पैसे गेले ना बाप्पा.’

पाय एकटे येत नाहीत. पाय दिसायला साडीचा काठ वर जातो. आमच्याकडे निऱ्या जमिनीवर पसरतात, घंटेसारख्या. कापड कुठे संपलं आणि सारवण किंवा फरशी कुठे सुरू झाली ते कळत नाही, बाई जमिनीतून वर आल्यासारखी दिसते. पाय दाखवले की काठाखाली एक मोकळी रेघ तयार होते. त्या रेघेमुळे मूर्ती जमिनीपासून सुटते, तिला चौरंग लागतो आणि ती ‘आणून ठेवलेली’ दिसते.

मासाहिरो मोरी या जपानी रोबोटतज्ज्ञाने 1970 मध्ये एक छोटा निबंध लिहिला. वस्तू माणसासारखी होत जाते तशी ती आपल्याला जवळची वाटते, पण जवळजवळ माणसासारखी झाली की एकदम अंगावर येते, असं त्याचं म्हणणं. या उताराच्या पलीकडे, सुरक्षित बाजूला, त्याने बुनराकु या जपानी नाट्यातल्या बाहुल्या ठेवल्या. तिथे एक बाहुली तीन माणसं चालवतात आणि तिसऱ्याकडे फक्त पाय असतात. गंमत अशी की स्त्री बाहुल्यांना बहुधा पायच नसतात. तो तिसरा माणूस किमोनोचा काठ मुठींनी आतून हलवतो आणि प्रेक्षकाला बाई चालताना, गुडघ्यावर बसताना दिसते. राजस्थानी कठपुतळीचं कामही लांब घागऱ्यावर भागतं. पाय न देणं ही या कलांमधली उणीव नाही. एक जागा मोकळी सोडलेली आहे आणि ती कुणीतरी हाताने, कुणी नजरेने भरतं.

आमच्याकडे ती कोण भरतं? आगमनाच्या दिवशी बघा. मूर्तीच्या कितीतरी आधी पाय येतात. दारापासून, तुळशीपासून आतपर्यंत रांगोळीची, कुंकवाची पावलं उमटतात. मुखवटे हातात घेऊन घरातल्या बाया त्या पावलांवरून चालतात, ताट वाजतं, कोणत्या पावलांनी आली म्हणून विचारलं जातं आणि उत्तर मिळतं. कोठी, स्वयंपाकघर, सगळं घर तिला दाखवलं जातं. त्या वेळी महालक्ष्मी म्हणजे फक्त एक चेहरा असतो. धड आतल्या खोलीत वाट पाहत असतं, पाय जमिनीवर काढलेले असतात आणि चालणारे पाय घरच्या बाईचे असतात. फायबरची पूर्णाकृती मूर्ती अशी चालत येऊ शकत नाही. तिला दोघांनी उचलून आणावं लागतं. तिला पाय आहेत, पण चाल नाही.

इथवर लिहून मी खूश होतो. ‘पाय नकोत’ असं कळवलंही, पूर्णाकृती मूर्तीच नको म्हटलं आणि कारण मोठ्या आईला समजावून सांगितलं. ती ऐकून म्हणाली, ‘इतकं आवडते तं यंदा तूच बस निऱ्या घालाले.’

माझ्या सगळ्या समीक्षेतून हीच गोष्ट सुटली होती. ती घंटा आपोआप पसरत नाही. दोन साड्या, दोन्हींच्या निऱ्या, कडं झाकेल असा घेर, आणि हे सगळं जमिनीशी वाकून. बिनपायांच्या देवीचा प्रत्येक सुंदर इंच कुणाच्या तरी गुडघ्यांवर उभा असतो. फायबरची मूर्ती घेणाऱ्या घरांनी सौंदर्याचा नाही, या वाकण्याचा हिशोब केलेला असतो. तो हिशोब न करता परंपरेचं कौतुक करणं मला सोपं होतं, कारण मी त्या वेळी बाहेर मंडपाचे दिवे लावत असायचो.

तेव्हा यंदा स्टँड जेवणाच्या टेबलावर चढवला. खुर्चीत बसून मोठ्या आईने सूचना दिल्या, मी निऱ्या घातल्या, पिना लावल्या, मग दोघा भावांनी स्टँड अलगद खाली उतरवला आणि घेर पसरवला. ज्येष्ठा ठीक जमली. कनिष्ठेची डावीकडची निरी आखूड पडली आणि तिथून लोखंडी कडं दिसायला लागलं. सोडून पुन्हा नेसवायला वेळ नव्हता, सोळा भाज्या चिरायच्या होत्या. मोठ्या आईने खुर्चीतूनच पाहिलं आणि म्हणाली, ‘बाळ सरकव तिकडे.’ बाळ सरकवलं. कडं झाकलं गेलं.